खुली जुळणी (गिटार)

खुली जुळणी अथवा ओपन ट्यूनिंग ही गिटारच्या तारा स्वरांत मिळवण्याची एक पद्धत आहे. या पद्धतीत डाव्या हाताने एकही पडदा न दाबता सहाही तारा एकदम छेडल्या असता एक पूर्ण व सुसंवादी स्वरसंघात, म्हणजेच कॉर्ड, ऐकू येतो. मोकळ्या तारांतून ज्या स्वरसंघाची निर्मिती होते त्याचे नाव त्या जुळणीला दिले जाते. उदाहरणार्थ, डी मेजर संघात देणारी जुळणी 'ओपन डी' या नावाने ओळखली जाते.

अमेरिकेतील ब्लूज, हवाई बेटांवरील गिटारवादन आणि भारतातील स्लाइड गिटार या तिन्ही परंपरा खुल्या जुळणीवर उभ्या आहेत. भारतीय संगीताच्या दृष्टीने या पद्धतीचे महत्त्व असे, की ती गिटारला तंबोऱ्याच्या जवळ नेते. वाद्य एका षड्जाशी बांधले जाते. त्यामुळे निरनिराळ्या स्वरपट्ट्यांत सहज फिरण्याचे स्वातंत्र्य कमी होते आणि त्या मोबदल्यात सतत निनादणाऱ्या आधारस्वरांचा लाभ होतो.

संज्ञा आणि व्याप्ती

प्रमाण जुळणीपेक्षा वेगळ्या कोणत्याही जुळणीस पर्यायी जुळणी म्हणतात. खुली जुळणी हा पर्यायी जुळणीचा एक उपप्रकार आहे. केवळ सहावी तार ई ऐवजी डी स्वरावर उतरवली असता होणारी 'ड्रॉप डी' जुळणी पर्यायी असली, तरी खुली नव्हे. कारण तिच्या मोकळ्या तारांतून एक पूर्ण स्वरसंघात तयार होत नाही. 'डॅडगॅड' ही जुळणी या दोहोंच्या सीमेवर आहे. तिच्यात गांधार नसल्यामुळे तिचा संघात मेजरही नसतो व मायनरही नसतो. तथापि व्यवहारात तिचा समावेश बहुधा खुल्या जुळण्यांतच केला जातो.

प्रमाण जुळणीशी तुलना

प्रमाण जुळणीत सहाव्या म्हणजे सर्वांत जाड तारेपासून पहिल्या तारेपर्यंत ई, ए, डी, जी, बी, ई असे स्वर असतात. सहाव्या तारेची कंपनसंख्या सुमारे ८२.४ हर्ट्‌झ, तर पहिल्या तारेची सुमारे ३२९.६ हर्ट्‌झ असते. लगतच्या तारांमध्ये शुद्ध मध्यमाचे, म्हणजे पाच अर्धस्वरांचे अंतर असते. केवळ तिसऱ्या व दुसऱ्या तारेत शुद्ध गांधाराचे, म्हणजे चार अर्धस्वरांचे अंतर ठेवलेले असते. या रचनेमुळे बहुतेक सर्व स्वरसंघात चार बोटांच्या आवाक्यात येतात आणि कोणत्याही पट्टीत वादन करता येते. मात्र मोकळ्या तारा एकत्र वाजवल्यास त्यांत पाच भिन्न नावांचे स्वर एकाच वेळी उमटतात व कोणताही एक स्वर आधारभूत वाटत नाही.

खुल्या जुळणीत याउलट घडते. सहा तारांवर दोन किंवा तीनच नावांचे स्वर निरनिराळ्या सप्तकांत वाटलेले असतात. एक तार छेडली असता त्याच स्वराच्या इतर तारा सहकंपनाने निनादू लागतात. एकाच पडद्यावर सर्व तारा आडव्या दाबल्या की संपूर्ण संघात वर सरकतो: पाचव्या पडद्यावर मध्यमाचा, सातव्यावर पंचमाचा आणि बाराव्यावर तार षड्जाचा संघात मिळतो.

प्रमुख प्रकार

पुढील तक्त्यात तारा सहावीपासून पहिलीपर्यंत या क्रमाने दिल्या आहेत. शेवटच्या स्तंभात जुळणीच्या मूलस्वरास षड्ज मानून स्वर दर्शवले आहेत.

| जुळणी | तारांचे स्वर | प्रमाण जुळणीतून करावयाचा बदल | भारतीय स्वर |
|---|---|---|---|
| ओपन डी | डी, ए, डी, एफ शार्प, ए, डी | सहावी, दुसरी, पहिली दोन अर्धस्वर खाली. तिसरी एक अर्धस्वर खाली | सा, प, सा, ग, प, सा |
| ओपन ई | ई, बी, ई, जी शार्प, बी, ई | पाचवी, चौथी दोन अर्धस्वर वर. तिसरी एक अर्धस्वर वर | सा, प, सा, ग, प, सा |
| ओपन जी | डी, जी, डी, जी, बी, डी | सहावी, पाचवी, पहिली दोन अर्धस्वर खाली | प, सा, प, सा, ग, प |
| ओपन ए | ई, ए, ई, ए, सी शार्प, ई | चौथी, तिसरी, दुसरी दोन अर्धस्वर वर | प, सा, प, सा, ग, प |
| ओपन सी | सी, जी, सी, जी, सी, ई | सहावी चार, पाचवी व चौथी दोन अर्धस्वर खाली. दुसरी एक अर्धस्वर वर | सा, प, सा, प, सा, ग |
| ओपन डी मायनर | डी, ए, डी, एफ, ए, डी | सहावी, तिसरी, दुसरी, पहिली दोन अर्धस्वर खाली | सा, प, सा, कोमल ग, प, सा |
| डॅडगॅड | डी, ए, डी, जी, ए, डी | सहावी, दुसरी, पहिली दोन अर्धस्वर खाली | सा, प, सा, म, प, सा |

तक्त्यावरून स्पष्ट होते, की ओपन डी व ओपन ई यांची, तसेच ओपन जी व ओपन ए यांची अंतर्गत रचना एकच आहे. फरक केवळ पट्टीचा आहे. त्यामुळे ओपन डी मध्ये मिळवलेल्या गिटारच्या दुसऱ्या पडद्यावर कॅपो लावल्यास ओपन ई चे स्वर मिळतात.

इतिहास

अमेरिका आणि हवाई

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतील घरगुती बैठकांत गिटार लोकप्रिय होते. हेन्री वॉरल यांच्या 'स्पॅनिश फँडँगो' व 'सेबॅस्टोपोल' या रचना खुल्या जुळणीत होत्या. त्यांच्या नावांवरून कृष्णवर्णीय ब्लूज वादक ओपन जी जुळणीस 'स्पॅनिश' आणि ओपन डी जुळणीस 'व्हेस्टापोल' म्हणू लागले. बाटलीचा गळा किंवा सुरीचे पाते तारांवरून सरकवून वाजवण्याच्या त्यांच्या शैलीला या जुळण्या विशेष अनुकूल ठरल्या.

हवाई बेटांवर १८३० च्या दशकात मेक्सिकन गुराख्यांसोबत गिटार पोहोचले. तेथील वादकांनी तारा सैल करून आपल्या गायनाला सोयीच्या जुळण्या शोधल्या. या शैलीला 'स्लॅक की' म्हणतात. तिच्यातील 'टॅरो पॅच' नावाची प्रसिद्ध जुळणी म्हणजेच ओपन जी होय. पुढे १८८९ च्या सुमारास जोसेफ केकुकू यांनी गिटार मांडीवर आडवे ठेवून पोलादी कांडीने वाजवण्याची रीत विकसित केली. १९१५ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे भरलेल्या पनामा–पॅसिफिक प्रदर्शनानंतर हवाईयन गिटारची लोकप्रियता अमेरिकेत व अमेरिकेबाहेर झपाट्याने पसरली.

पोलादी कांडी आणि खुली जुळणी यांचा संबंध कार्यकारणाचा आहे. बोटांनी निरनिराळ्या तारा निरनिराळ्या पडद्यांवर दाबता येतात. सरळ कांडी मात्र सर्व तारांना एकाच रेषेत स्पर्श करते. त्यामुळे त्या रेषेवर सुसंवादी संघात हवा असेल, तर तो तारांच्या जुळणीतच असावा लागतो.

भारत

हवाईयन कलावंतांच्या दौऱ्यांमधून हे वाद्य भारतात आले. हवाईयन गिटारवादक टाऊ मो यांचे १९४० च्या दशकात कोलकात्यात वास्तव्य होते. बंगालमध्ये रवींद्रसंगीताच्या धुना या वाद्यावर वाजवण्याची प्रथा रुजली. मुंबईच्या चित्रपटसंगीतात व्हॅन शिपली व हजारा सिंग यांनी इलेक्ट्रिक गिटारवर चित्रपटगीतांच्या धुना वाजवल्या आणि त्यांच्या ध्वनिमुद्रिकांमुळे हा सरकता, गळ्याजवळचा आवाज घरोघरी पोहोचला.

अभिजात संगीतात या वाद्याला स्थान मिळवून देण्याचे कार्य प्रामुख्याने ब्रिजभूषण काब्रा (१९३७–२०१८) यांनी केले. ते सरोदवादक अली अकबर खाँ यांचे शिष्य होते. १९६७ मध्ये प्रकाशित झालेल्या 'कॉल ऑफ द व्हॅली' या ध्वनिमुद्रिकेत शिवकुमार शर्मा यांचे संतूर व हरिप्रसाद चौरसिया यांची बासरी यांच्या जोडीने काब्रा यांचे गिटार आहे. रविशंकर यांचे शिष्य विश्वमोहन भट्ट यांनी गिटारला चिकारीच्या व तरफेच्या तारा जोडून मोहन वीणा घडवली. राय कूडर यांच्यासमवेत केलेल्या 'अ मीटिंग बाय द रिव्हर' या ध्वनिमुद्रणास १९९४ मध्ये ग्रॅमी पुरस्कार मिळाला. कोलकात्याचे देबाशिष भट्टाचार्य यांनी चोवीस तारांची चतुरंगी आणि चौदा तारांची गांधर्वी ही वाद्ये तयार केली.

तंबोरा आणि गांधाराची तार

चार तारांच्या तंबोऱ्यात सामान्यतः पहिली तार मंद्र पंचमात, मधल्या जोडाच्या दोन तारा षड्जात आणि चौथी तार खर्जात मिळवतात. यात गांधाराची तार नसते. तरीही उत्तम जुळलेल्या तंबोऱ्यातून गांधार ऐकू येतो. त्याला स्वयंभू गांधार म्हणतात. तो खर्जाच्या तारेच्या पाचव्या उपस्वरातून उमटतो व जवारीमुळे ठळक होतो. मिरजेसारख्या तंबोरानिर्मितीच्या केंद्रात जवारी साधणे हे स्वतंत्र कसब मानले जाते. मिरजेच्या सतार व तंबोऱ्यास २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

गिटारच्या घोडीला जवारी नसते. तारेचा आधारबिंदू निमुळता असल्यामुळे वरचे उपस्वर त्या प्रमाणात फुलत नाहीत. म्हणून ओपन डी सारख्या जुळणीत गांधाराला स्वतंत्र तार द्यावी लागते. ही तार नेमकी किती उंच असावी, हा खुल्या जुळणीतील कळीचा प्रश्न आहे.

आधुनिक गिटारचे पडदे सप्तकाच्या बारा समान भागांनुसार बसवलेले असतात. या पद्धतीत शुद्ध गांधार षड्जापासून ४०० सेंट अंतरावर येतो, तर स्वयंभू गांधार सुमारे ३८६ सेंटवर असतो. पंचमाच्या बाबतीत हा फरक केवळ दोन सेंटचा असल्याने जाणवत नाही. गांधाराच्या बाबतीत मात्र चौदा सेंटचा फरक कानाला खटकतो. इलेक्ट्रॉनिक ट्यूनरच्या मदतीने ओपन डी मिळवल्यास तिसरी तार १८५ हर्ट्‌झवर येते. सहाव्या तारेच्या ७३.४ हर्ट्‌झच्या खर्जाशी तंतोतंत जुळणारा गांधार मात्र सुमारे १८३.५ हर्ट्‌झवर असतो. दोन्ही तारा एकत्र वाजवल्यास त्यांचे उपस्वर परस्परांशी भिडतात व आवाजात सेकंदाला सुमारे तीन हेलकावे ऐकू येतात. तिसरी तार किंचित उतरवत गेल्यास हे हेलकावे मंदावतात आणि थांबतात. त्या क्षणी संघात स्थिर होतो.

कांडीने वाजवणाऱ्यास ही शुद्ध जुळणी सर्वत्र उपयोगी पडते; कारण कांडी सर्व तारा एकाच प्रमाणात आखूड करते व त्यांच्यातील अंतरे कायम राहतात. बोटांनी पडदे दाबून वाजवताना मात्र तिसऱ्या तारेवरील प्रत्येक स्वर इतर तारांवरील त्याच स्वरापेक्षा थोडा उतरलेला लागतो. त्यामुळे पडद्यांवर वाजवणारे वादक गांधाराच्या बाबतीत बहुधा मधला मार्ग स्वीकारतात.

रागानुसार जुळणी

मोकळ्या तारा सतत निनादत असल्यामुळे त्यांतील प्रत्येक स्वर रागात असणे आवश्यक ठरते. भूप व यमन या रागांत शुद्ध गांधार वादी असल्याने ओपन डी ची सा, प, ग ही रचना त्यांना पोषक ठरते. भीमपलासीत गांधार कोमल असल्याने ओपन डी मायनर अधिक योग्य होय. दुर्गा व वृंदावनी सारंग या रागांत गांधार वर्ज्य आहे, परंतु मध्यम व पंचम दोन्ही आहेत. त्यामुळे डॅडगॅड जुळणीतील एकही तार या रागांत विसंगत ठरत नाही. मालकंसात पंचम वर्ज्य असल्याने वरीलपैकी कोणतीच जुळणी जशीच्या तशी चालत नाही. तंबोऱ्याची पहिली तार ज्याप्रमाणे पंचमाऐवजी मध्यमात मिळवतात, त्याचप्रमाणे गिटारच्याही पंचमाच्या तारा बदलाव्या लागतात.

डॅडगॅड जुळणीचा प्रसार १९६० च्या दशकात इंग्लंडमधील वादक डेव्ही ग्रॅहम यांनी केला. मोरोक्कोतील वास्तव्यात तेथील वाद्यांना साथ करताना त्यांना या जुळणीची गरज भासली. एका आधारस्वरावर विस्तारणाऱ्या संगीताला साथ करण्याच्या प्रयत्नातून ही जुळणी निर्माण झाली, हे लक्षणीय आहे.

तारांवरील ताण

तारेची लांबी व जाडी कायम असताना तिची कंपनसंख्या ताणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलते. त्यामुळे तार दोन अर्धस्वर चढवल्यास तिच्यावरील ताण सुमारे २६ टक्क्यांनी वाढतो. एक अर्धस्वर चढवल्यास सुमारे १२ टक्क्यांनी वाढतो. उलट दोन अर्धस्वर उतरवल्यास तो सुमारे २१ टक्क्यांनी आणि चार अर्धस्वर उतरवल्यास सुमारे ३७ टक्क्यांनी घटतो.

ओपन ई व ओपन ए या जुळण्यांत प्रत्येकी तीन तारा चढवाव्या लागतात. अकूस्टिक गिटारमध्ये हा वाढीव ताण घोडी व वरच्या फळीवर पडतो. जुन्या वाद्यात घोडीचा चिकटलेला भाग सुटण्याचा किंवा तार तुटण्याचा धोका असतो. म्हणून अशा वाद्यावर ओपन डी किंवा ओपन जी मिळवून कॅपो वापरणे सुरक्षित समजले जाते. ओपन सी जुळणीत सहावी तार फार सैल होऊन पडद्यांवर आदळते. तेथे अधिक जाडीची तार वापरतात.

जुळवण्याची रीत

ट्यूनरशिवाय ओपन डी पुढीलप्रमाणे मिळवता येते:

१. पाचवी (ए) व चौथी (डी) या तारा बदलू नयेत. त्या आधारभूत मानाव्यात.
२. सहावी तार उतरवावी. तिच्या बाराव्या पडद्यावर हलका स्पर्श करून काढलेला स्वर मोकळ्या चौथ्या तारेशी मिळाला पाहिजे.
३. दुसरी तार पाचव्या तारेच्या बाराव्या पडद्यावरील स्वराशी मिळवावी.
४. पहिली तार चौथ्या तारेच्या बाराव्या पडद्यावरील स्वराशी मिळवावी.
५. तिसरी तार चौथ्या तारेच्या चौथ्या पडद्यावरील स्वराशी मिळवावी. त्यानंतर ती सहाव्या तारेसोबत वाजवून, हेलकावे थांबेपर्यंत किंचित उतरवावी.

उतरवलेल्या तारा काही काळ आपल्या पूर्वीच्या स्वराकडे सरकतात. म्हणून इष्ट स्वराच्या थोडे खाली जाऊन तेथून खुंटी वर पिळत स्वरावर येणे श्रेयस्कर असते. सर्व तारा मिळवल्यावर आधारभूत तारा पुन्हा तपासाव्या लागतात, कारण एकूण ताण बदलल्याने मान व फळी किंचित हलते.

हवामानाचा परिणाम

लाकूड हवेतील बाष्प शोषून फुगते व कोरड्या हवेत आकसते. अकूस्टिक गिटारसाठी साधारणतः ४५ ते ५५ टक्के सापेक्ष आर्द्रता योग्य मानली जाते. कोकण किनारपट्टीच्या प्रदेशात, तसेच उल्हास नदीच्या खोऱ्यातील उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या ठाणे जिल्ह्यातील शहरांत पावसाळ्यात हवेतील आर्द्रता याहून पुष्कळ अधिक असते. अशा हवेत वरची फळी फुगून घोडी उचलली जाते, तारा पडद्यांपासून दूर जातात व स्वर चढण्याकडे कल राहतो. पोलादी तारा गंजल्यास त्यांचे वजन लांबीभर समान राहत नाही आणि उपस्वर बेसूर होतात.

प्रमाण जुळणीत असा लहान बिघाड काही काळ लपून राहू शकतो. खुल्या जुळणीत एकाच नावाच्या दोन-तीन तारा एकत्र निनादत असल्यामुळे एक तार ढळली तरी तत्काळ कळते. त्यामुळे वाद्य वादनस्थळी काही वेळ उघडे ठेवून मगच मिळवणे, वादनानंतर तारा कोरड्या कापडाने पुसणे आणि पेटीत आर्द्रताशोषक पुडी ठेवणे उपयुक्त ठरते. वातानुकूलित सभागृहातून बाहेरच्या दमट हवेत आणलेले वाद्य लगेच जुळवल्यास थोड्याच वेळात पुन्हा जुळवावे लागते.

उपयोग आणि मर्यादा

खुल्या जुळणीचा एक उपयोग म्हणजे डाव्या हातावरील भार कमी होणे. कॅनडाच्या गायिका जोनी मिचेल यांचा डावा हात बालपणीच्या पोलिओमुळे दुर्बळ झाला होता. त्यांनी स्वतःच्या अनेक जुळण्या योजून आपली शैली घडवली. रोलिंग स्टोन्सचे कीथ रिचर्ड्‌स यांनी ओपन जी जुळणीतील सहावी तार काढून टाकून पाच तारांवर वादन केले. त्यामुळे मूलस्वर सर्वांत खालच्या तारेवर आला.

खुल्या मेजर जुळणीत मायनर संघात वाजवणे अवघड असते. कारण मोकळा शुद्ध गांधार पडदा दाबून खाली आणता येत नाही. खुल्या मायनर जुळणीत मात्र कोमल गांधाराची तार पहिल्या पडद्यावर दाबल्यास मेजर संघात सहज मिळतो. म्हणून स्किप जेम्स यांच्यासारख्या काही ब्लूज वादकांनी मायनर जुळणी पसंत केली.

वारंवार पट्टी बदलणाऱ्या रचना, चित्रपटगीतांची साथ आणि लिखित स्वरलिपीवरून वादन यांसाठी प्रमाण जुळणीच सोयीची असते. मैफलीत मध्येच जुळणी बदलण्यास वेळ लागतो व तारा स्थिर होत नाहीत. त्यामुळे अनेक वादक प्रत्येक जुळणीसाठी स्वतंत्र गिटार ठेवतात. एका षड्जावर, एका रागात दीर्घकाळ रमणाऱ्या संगीताला मात्र ही मर्यादा जाचत नाही. खुल्या जुळणीतील हवाईयन गिटार भारतीय रागसंगीतात स्थिरावण्यास हे साधर्म्य साहाय्यभूत ठरले.

हेसुद्धा पाहा

- तंबोरा
- मोहन वीणा
- हवाईयन गिटार
- जवारी
- ब्रिजभूषण काब्रा